येर्बा माते: पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठी

येर्बा माते हा अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधल्या लोकांचा रोजचा चहा. चहा म्हणायचं ते सोयीसाठी, कारण चहाच्या झुडपाशी याचं काही नातं नाही. आयलेक्स पॅराग्वारिएन्सिस नावाच्या सदाहरित झाडाची पानं वाळवून, भरडून हे पेय करतात. वनस्पतींचे बहुतेक काढे रात्री झोपतानाही बिनधास्त घेता येतात. हा घेता येत नाही. यात कॅफीन आहे, आणि चांगलं भरपूर आहे.

नवख्या माणसाच्या कानावर याबद्दल दोन टोकाच्या गोष्टी पडतात. एकीकडे जाहिरात: वजन उतरवतो, कोलेस्टेरॉल कमी करतो, कॉफीसारखी धडधड होऊ देत नाही. दुसरीकडे भीती: यानं अन्ननलिकेचा कर्करोग होतो. दोन्हींत थोडं तथ्य आहे आणि दोन्ही गोष्टी अर्धवट सांगितल्या जातात. माझं म्हणणं असं की, या पेयाचं बरंवाईट तीन गोष्टींवर ठरतं: पाणी किती कढत आहे, पानं किती ग्रॅम घेतली आहेत आणि घड्याळात किती वाजले आहेत. या तीन गोष्टी सांभाळल्या तर निरोगी माणसानं हे पेय खुशाल प्यावं.

तिथले मूळ रहिवासी ग्वारानी लोक युरोपीय तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून ही पानं वापरत होते. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी झाडाची पद्धतशीर लागवड बसवली. १७६७ मध्ये स्पेनच्या राजानं त्यांना आपल्या मुलखातून हाकललं, मळे ओस पडले आणि बी रुजवण्याची हातोटीही लोक विसरले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक माल रानातल्या झाडांवरूनच यायचा. आज अर्जेंटिनातली लागवड मिसियोनेस आणि कोरिएंतेस या ईशान्येकडच्या दोन प्रांतांत एकवटलेली आहे. उरुग्वेत हे झाड जवळपास लावतच नाहीत, तरी माणशी खप तिथे सर्वांत जास्त. त्यांचा बराचसा माल ब्राझीलहून येतो.

पाकीट निवडताना

वाळलेल्या पानांना तिथे येर्बा म्हणतात. ज्या भांड्यातून चाळणीच्या धातूच्या नळीनं पितात ते भांडं आणि ते पेय, दोघांनाही माते. इथे त्या भांड्याला तुंबा म्हणू. पाकिटं नाना तऱ्हेची मिळतात आणि पहिल्या खरेदीत गोंधळ होतो तो इथेच.

फांद्या तोडून आणल्या की पानं काही सेकंद थेट आगीच्या झोतातून काढतात. त्यामुळे पान काळं पडत नाही, हिरवं राहतं. मग ती वाळवतात, जाडसर भरडतात आणि अर्जेंटिनात व पॅराग्वेत ती भरड कित्येक महिने, कधी दोन वर्षांपर्यंत, मुरत ठेवतात. मुरल्यावर पानाचा हिरवट वास जातो आणि चव मऊ होते. ब्राझीलच्या दक्षिणेत ‘शिमाहाऊं’साठी, म्हणजे तिथल्या मातेसाठी, वापरतात ती येर्बा मुरवत नाहीत. ती पोपटी हिरवी आणि पिठासारखी बारीक असते. दिसायला सुरेख, पण नवख्याच्या नळीत हमखास अडकणारी. पहिल्यांदा ती घेऊ नका.

अर्जेंटिनाच्या पाकिटांवर ‘कोन पालो’ किंवा ‘सिन पालो’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे काड्यांसकट किंवा काड्यांविना. काड्यांत कॅफीन आणि कडवटपणा दोन्ही कमी, आणि काड्यांमुळे पानांत पाणी खेळतं राहतं. सुरुवात ‘कोन पालो’नेच करावी.

एक गोष्ट मात्र चवीपलीकडची आहे. काही येर्बा अजूनही लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्या धुरासोबत पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची घातक संयुगं पानांवर बसतात, आणि लाकूड असो की तंबाखू, जळताना ती तयार होतातच. धुराचा वास काहींना आवडतो. रोज पिणार असाल तर मी तरी धूर न लावता वाळवलेलीच येर्बा घ्या म्हणेन; पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, ‘सिन उमो’ हे शब्द शोधा.

अंगावर नेमकं काय होतं

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते जसजसं वाढतं तशी झोप येऊ लागते. कॅफीन अॅडेनोसिनच्या बसायच्या जागा अडवतं. थकवा कुठे गेलेला नसतो, त्याचा निरोप तेवढा मेंदूला पोचत नाही. पोटात गेल्यापासून अर्ध्या ते एका तासात रक्तातलं कॅफीन सर्वांत वर पोचतं, आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. गरोदरपणात हा काळ कितीतरी लांबतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही लांबतो. सिगरेट ओढणाऱ्यांत उलट कमी होतो.

येर्बा विकणारे अनेकजण सांगतात की यात कॅफीन नसून ‘मातेईन’ नावाचं वेगळं, सौम्य द्रव्य असतं. हे खरं नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ते कॅफीनच आहे. कॉफीत, चहात असतं तेच. मग पुष्कळांना ही तरतरी कॉफीपेक्षा सावकाश चढणारी आणि सावकाश उतरणारी का वाटते? येर्बात कॅफीनबरोबर थोडं थिओब्रोमिनही असतं, कोकोत असतं ते, आणि त्याचा परिणाम मवाळ. पण मला मोठं कारण पिण्याच्या पद्धतीत दिसतं. कॉफीचा कप पाच-दहा मिनिटांत संपतो. माते तास-दीड तास चालतं, दर वेळी दोन-तीन घोट. कॅफीन हप्त्याहप्त्यानं पोटात जातं. तीच येर्बा गाळून मोठा मग एका दमात प्यायलात तर धडधड होणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

हप्त्यांत जातं म्हणून ते कमी जातं असं नव्हे, आणि नवख्यांची फसगत होते ती या हिशेबात. वाळलेल्या येर्बात वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का कॅफीन धरा. माल बदलला की हे थोडं खालीवर होतं. मोठ्या तुंब्यात सहज ५० ग्रॅम येर्बा मावते. म्हणजे त्या पानांत ५०० ते ७५० मिलिग्रॅम कॅफीन आहे, आणि त्याच पानांवर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतत गेलं की त्यातला बराचसा भाग उतरतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चिंतेचं नाही असं म्हटलं होतं. तुलनेसाठी, एक कप फिल्टर कॉफीत साधारण ९० मिलिग्रॅम आणि एक कप चहात ५० मिलिग्रॅम असतं. तेव्हा मोठा तुंबा एकट्यानं रिकामा केला तर दिवसाचा कोटा एका बैठकीत संपू शकतो. तिथे हे पेय चार-पाच जणांत फिरतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

म्हणून कप मोजू नका, पानं मोजा. एकट्यासाठी १५ ग्रॅम येर्बा पुरते. सगळं कॅफीन उतरलं असं धरलं तरी ते १५० ते २२५ मिलिग्रॅमच्या आसपास राहतं. पहिले काही दिवस स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर तोलून घ्या. मग नजरेलाच अंदाज येतो.

फायदे: पक्के आणि कच्चे

पक्का फायदा म्हणजे तरतरी, एकाग्रता आणि कष्टाच्या वेळी टिकून राहण्याची थोडी जास्त ताकद. हे कॅफीनचं काम आहे आणि त्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. सकाळच्या कामाआधी किंवा व्यायामाच्या तासभर आधी घेतलं तर त्याचा उपयोग जाणवतो.

दुसरी गोष्ट पॉलिफेनॉल्सची, म्हणजे वनस्पतींत असणाऱ्या एका गटातल्या द्रव्यांची. येर्बात त्यांपैकी क्लोरोजेनिक आम्लाच्या जातीची द्रव्यं खूप असतात. ती कॉफीतही असतात आणि प्रयोगशाळेत चांगली अँटिऑक्सिडंट ठरतात. परीक्षानळीतलं यश माणसाच्या शरीरात तसंच्या तसं उतरतं असं समजायचं कारण नाही. तरी कोलेस्टेरॉलबाबत माणसांवर केलेला एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो, आणि तो खरोखर लक्ष देण्याजोगा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या या अभ्यासात सुमारे शंभर जणांना ४० दिवस, दिवसातून तीन वेळा ३३० मिलिलिटर माते दिलं. त्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, सुमारे ८ ते ९ टक्क्यांनी उतरलं; आधीपासून स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची गोळी घेणाऱ्यांत त्याहून थोडं जास्त. आकडा बरा आहे, पण माणसं थोडी आणि काळ सव्वा महिन्याचा. यावर विसंबून कोणी गोळी बंद करू नये.

वजन उतरण्याचा दावा मला सर्वांत कच्चा वाटतो. कॅफीननं भूक थोडा वेळ दबते, शरीराचा ऊर्जेचा खर्च किंचित वाढतो, इतकंच. जे अभ्यास झाले ते लहान आहेत, आणि काहींत येर्बाबरोबर ग्वारानासारख्या इतर वनस्पतीही मिसळलेल्या होत्या, त्यामुळे श्रेय नेमकं कोणाचं ते कळत नाही. साखर न घालता प्यायलात तर गोड पेयांच्या जागी हे पेय येतं, हा फायदा साधा आहे आणि खरा आहे.

एक तोटाही याच पॉलिफेनॉल्समुळे होतो. धान्य, कडधान्य, पालेभाजी यांतलं लोह आतड्यात शोषलं जाण्याच्या ती आड येतात. जेवताना किंवा जेवणाला लागून माते घेऊ नका. मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर हे अंतर काटेकोर पाळा.

कढत पाणी आणि कर्करोग

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९१ मध्ये गरम माते पिण्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. दक्षिण अमेरिकेत रोज पुष्कळ आणि फार कढत माते पिणाऱ्यांत अन्ननलिकेचा कर्करोग जास्त दिसत होता. २०१६ मध्ये त्याच संस्थेनं सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि निष्कर्ष बदलला. फार गरम नसलेलं माते त्या गटातून काढलं, आणि त्या जागी ६५ अंश सेल्सियसच्या वर प्यायलेलं कोणतंही पेय ठेवलं. म्हणजे मुख्य दोष आचेचा. अन्ननलिकेचं अस्तर रोज भाजत राहणं हे त्यामागचं कारण मानलं जातं. तंबाखू आणि दारू हे त्याच नलिकेचे त्याहून मोठे शत्रू आहेत. ज्यांना ती व्यसनं आहेत त्यांनी तर कढत मातेच्या वाटेला जाऊच नये.

मातेच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं ते नळीमुळे. कपानं पिताना ओठ आधी सावध करतात, माणूस फुंकर मारतो. धातूच्या नळीतून ओढलेला घोट थेट जिभेच्या मागच्या भागावर येतो आणि तोवर गिळलाही गेलेला असतो.

भांडी

तुंबा, नळी, पाणी गरम ठेवायला थर्मास. एवढंच लागतं.

मूळचा तुंबा वाळवलेल्या भोपळ्याचा असतो. लॅजेनेरिया सिसेरेरिया, म्हणजे दुधी भोपळ्याचीच जात. लाकडाचे, चिनी मातीचे, काचेचे आणि स्टीलचेही मिळतात. शिकताना मी चिनी मातीचं किंवा काचेचं भांडं घ्या असं सांगेन. ते धुता येतं, बुरशी धरत नाही आणि काचेत येर्बा कशी भिजते ते डोळ्यांना दिसतं. भोपळ्याचाच हवा असेल तर तो आधी मुरवून घ्यावा लागतो: आत वापरलेली ओली येर्बा भरा, वर गरम पाणी घाला, दिवसभर ठेवा, मग ओतून टाकून चमच्याच्या कडेनं आतला सुटलेला मऊ गर हलकेच खरवडा. तळाशी मधोमध देठाचा गाठीसारखा भाग असतो, त्याला हात लावू नका; तो निघाला तर तुंबा गळायला लागतो. असं दोनदा करा आणि पूर्ण वाळू द्या.

नळीला बोंबिया म्हणतात. तिच्या खालच्या टोकाला चाळणी असते. स्टेनलेस स्टीलची, टोकाची चाळणी उघडून साफ करता येते अशी घ्या.

लावायची रीत

पाण्यापासून सुरुवात करा. पाण्याला आधण येऊ देऊन तसंच ओतलं तर येर्बा ‘जळते’ असं तिथले लोक म्हणतात: कडवटपणा एकदम उतरतो आणि चार ओतण्यांत पानं बेचव होतात. तापमापक असेल तर ७० ते ७५ अंशांवर थांबा. नसेल तर तळाशी बारीक बुडबुडे धरले आणि भांडं गुणगुणायला लागलं की गॅस बंद करा. त्याहून खात्रीचा उपाय मापाचा आहे: दोन कप उकळतं पाणी आणि एक कप खोलीच्या तापमानाचं पाणी एकत्र केलं की ते ७५ अंशांच्या जवळ येतं. थर्मासमध्ये ओतताना आणखी दोन-चार अंश जातात, आणि ओल्या येर्बावर पडल्यावर आणखी.

आता येर्बा. तुंबा अर्ध्यापेक्षा जास्त, दोन-तृतीयांशापर्यंत भरा. १५ ग्रॅममध्ये तेवढा भरत नसेल तर तुमचा तुंबा एकट्यासाठी मोठा आहे, लहान घ्या. तोंडावर तळहात घट्ट ठेवून तुंबा उलटा करा आणि चार हलके हिसके द्या. बारीक भुकटी हाताकडे येते आणि जाड पानं, काड्या तळाकडे राहतात. नळीची चाळणी तळाशी बसणार असल्यानं तिला भुकटी लागत नाही. हाताला चिकटलेली भुकटी झटकून टाका.

तुंबा सरळ करताना तिरपा ठेवा. येर्बा एका बाजूला टेकडीसारखी उभी राहते आणि दुसऱ्या बाजूला खळगा होतो. सगळी रीत या उतारावर उभी आहे. खळग्यात थोडं कोमट पाणी घाला, गरम नाही, आणि एक-दोन मिनिटं थांबा. पानं पाणी पिऊन फुगतात आणि टेकडी जागेवर बसते. कोमट पाण्यात भिजलेली येर्बा पुढच्या गरम पाण्यात सावकाश उतरते, चव लांबपर्यंत टिकते.

नळीचं वरचं तोंड अंगठ्यानं बंद करा आणि चाळणीचं टोक खळग्यातून तळापर्यंत नेऊन टेकडीला लागून बसवा. अंगठा काढा. यानंतर नळी हलवायची नाही. चमच्यासारखी ढवळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ढवळलं की भुकटी चाळणीत जाऊन बसते, ओढून ओढून गाल दुखतात, आणि मग सगळं ओतून पुन्हा लावावं लागतं.

गरम पाणी नळीच्या अगदी जवळ, बारीक धारेनं ओता. टेकडीचा माथा कोरडाच राहू द्या. वर फिकट हिरवा फेस आला तर जमलं समजा. अर्धा मिनिट थांबा, मग पहिला घोट अगदी थोडा घ्या आणि तोंडात धरून पाहा. चटका बसला तर पाणी अजून गरम आहे. पहिली एक-दोन ओतणी कडू आणि तुरट लागणारच, मातीचा आणि ओल्या गवताचा वास येणारच. तिसऱ्या-चौथ्या ओतण्यापासून चव उघडते. साखर, मध, लिंबाची किंवा संत्र्याची साल घालणारे तिथेही पुष्कळ आहेत, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. साखर मात्र दर ओतण्याला पडत असल्यानं तासाभरात बरीच पोटात जाते.

भांड्यातलं पाणी खुरखुर आवाज येईपर्यंत ओढून संपवा आणि मग पुन्हा ओता. दर खेपेला टेकडीचा थोडा थोडा भाग ओला होऊ द्या. १५ ग्रॅममध्ये सहा-आठ वेळा चांगली चव मिळते, मोठ्या तुंब्यात त्याच्या दुप्पट. पाणी फिकं लागायला लागलं, पानं वर तरंगायला लागली की येर्बा संपली. चोथा लगेच काढा, तुंबा साध्या पाण्यानं धुवा (भोपळ्याच्या तुंब्याला साबण नको, वास धरतो), आडवा ठेवून वारा लागू द्या. ओला चोथा रात्रभर आत राहिला तर बुरशी येते. नळी अधूनमधून खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळा.

पहिला आठवडा

थेट तुंब्यानं सुरुवात करू नका. दोन-तीन दिवस माते कोसिदो प्या: तीन ग्रॅम येर्बा किंवा तिची एक पुडी, एक कप गरम पाणी, चार-पाच मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं. कॅफीन साध्या चहाइतकं, आणि चव आपल्याला मानवते का तेही कळतं. मग १५ ग्रॅमचा तुंबा, सकाळी, काही खाल्ल्यानंतर. उपाशीपोटी पहिल्याच दिवशी घेतलेल्या मातेनं पुष्कळांना मळमळतं किंवा पोट ढवळून शौचाला जावं लागतं. त्या दिवसांत चहा-कॉफी कमी करा, नाहीतर हिशेब चुकतो. दुपारी दोननंतर तुंबा लावू नका. रात्री झोप नीट लागते आहे असं आठवडाभर दिसलं तर वेळ थोडी पुढे नेता येईल.

हात थरथरणं, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड, घाम ही जास्त झाल्याची लक्षणं. त्या दिवशी थांबा, पुढच्या वेळी पानं निम्मी घ्या. काही आठवडे रोज पिऊन अचानक बंद केलं तर दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, सुस्ती येते. हे काही दिवसांत जातं. सोडायचंच असेल तर ग्रॅम ग्रॅमनं कमी करा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी त्याच युरोपीय प्राधिकरणाची मर्यादा सगळ्या स्रोतांतून मिळून दिवसाला २०० मिलिग्रॅम आहे. तुंब्यात नेमकं किती उतरलं ते मोजता येत नसल्यानं त्यांनी या काळात माते टाळलेलंच बरं. लहान मुलांना देऊ नका. हृदयाचे ठोके अनियमित असणारे, रक्तदाब आटोक्यात नसणारे, घबराटीचे झटके येणारे, आम्लपित्तानं किंवा छातीतल्या जळजळीनं हैराण असणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. औषधांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आणि फ्लुवॉक्सामिन ही नैराश्यावरची गोळी शरीरातून कॅफीन बाहेर पडण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे एरवी पचणारा तुंबाही जड जातो. दम्यासाठी थिओफिलिन आणि मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

गार पाण्याचा मार्ग

कढत पाण्याची भीती वाटत असेल त्यांनी पॅराग्वेकडे पाहावं. तिथे उन्हाळ्यात आणि एरवीही तेरेरे पितात: तीच येर्बा, पण पाणी बर्फाचं, आणि भांडं बरेचदा गाईच्या शिंगाचं. पाण्यात पुदिना, गवती चहा किंवा कुटलेल्या औषधी वनस्पती घालतात. ग्वारानी भाषेत त्या वनस्पतींना ‘पोहा न्याना’ म्हणतात, आणि २०२० मध्ये या परंपरेसकट तेरेरेचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. लावायची रीत तीच, फक्त पहिलं पाणी मुरायला थोडा जास्त वेळ द्या. ६५ अंशांचा प्रश्न उरत नाही. कॅफीन मात्र गार पाण्यातही उतरतं, सावकाश का होईना, तेव्हा ग्रॅमचा आणि घड्याळाचा नियम तसाच राहतो. उन्हात तहान लागली म्हणून ग्लासावर ग्लास पिण्याची चीज ही नव्हे; साधं पाणी शेजारी ठेवा.

चारचौघांत

अर्जेंटिनानं २०१३ मध्ये कायद्यानं मातेला राष्ट्रीय पेयाचा दर्जा दिला, आणि तिथे किंवा उरुग्वेत गेलात तर कोणीतरी तुंबा पुढे करणारच. एकजण पाणी ओततो, त्याला सेबादोर म्हणतात. पहिलं कडू ओतणं तो स्वतः पितो, मग भरून एकेकाला देतो. तुमच्या हातात आलेला तुंबा पूर्ण संपवायचा आणि त्यालाच परत द्यायचा, शेजाऱ्याला नाही. तुंबा हातात धरून गप्पा मारत बसू नका, बाकीचे थांबलेले असतात. नळी हलवू नका. ‘ग्रासियास’ म्हणजे आभार हे तुंबा परत देताना म्हटलं तर ‘मला आता पुरे’ असा त्याचा अर्थ होतो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. पहिल्याच घोटाला सौजन्य म्हणून बोलून गेलात तर बैठकीतून बाहेर पडाल.

सगळ्यांची नळी एकच असते. सर्दी, खोकला, ओठावर पुरळ असेल तर सरळ नाही म्हणा, कोणी राग मानत नाही. २०२० च्या साथीत सरकारांनीच प्रत्येकानं आपला तुंबा आणि आपली नळी वापरावी असं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून स्वतःची नळी काढणारा माणूस विचित्र दिसत नाही. पाणी फार कढत वाटलं तर तेही सेबादोरला सांगा. थर्मासमध्ये थोडं गार पाणी घालणं हे त्याचंच काम आहे.